मशीन आधी की गिऱ्हाईक आधी?

पत्र : नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. वय 28, शिक्षण बीएस्सी (रसायनशास्त्र). अमरावतीला चार वर्षं खोली करून तलाठी, वनरक्षक अशा भरत्यांची तयारी केली. दोनदा थोडक्यात राहिलो. आता तालुक्याच्या कृषी केंद्रात, म्हणजे बियाणं-खत-औषधाच्या दुकानात, 11,000 रुपये महिन्यावर आहे. बाबांकडे सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. भाऊजी म्हणतात, नोकरी सोड, दोघं मिळून सबसिडीवर दाल मिल टाकू. त्यांच्या ओळखीचा एक एजंट फाईल करून द्यायला तयार आहे. मोबाईलवर रोज ऐकतो की उद्योजकासारखा विचार करा. गावात राहून असा विचार करायचा म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं? आणि नोकरी सोडू का? — एक वाचक

उत्तर : नोकरी आत्ता सोडू नका. दाल मिलचा विचारही सोडू नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं तुम्हाला वाटतंय, कारण सांगणाऱ्याने तुमच्यासमोर मशीन आधी ठेवलं आणि गिऱ्हाईक नंतर.

मोबाईलवरची भाषणं उद्योजकाला जुगारी ठरवतात: सगळं पणाला लावा, मागे वळून पाहू नका. प्रत्यक्षात उलट दिसतं. सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या संशोधिकेने अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला आणि 2001 मध्ये तो मांडला. त्यात आढळलं ते असं की मुरलेला उद्योजक ‘यातून किती मिळेल’ इथून सुरुवात करत नाही. ‘यात किती बुडालं तरी मला चालेल’ हे आधी ठरवतो, आणि हाताशी जे आहे, ओळखीचे जे आहेत, तिथूनच उचलतो. याला परवडणारा तोटा म्हणू. तुमचं पहिलं काम हा आकडा कागदावर लिहिणं. त्यात बाबांचं वावर धरायचं नाही, आईचं सोनं धरायचं नाही, बियाणं-खतासाठी ठेवलेले पैसेही नाहीत. 11,000 च्या पगारात घरात देऊन जे उरतं त्यातून सहा महिन्यांत समजा 15,000 रुपये आणि दर आठवड्याला रविवार आणि दोन संध्याकाळी. एवढंच तुमचं भांडवल. पुढचं सगळं याच मापात बसवायचं.

आता दाल मिलचं गणित करू. ते केल्याशिवाय भाऊजींशी बोलूच नका.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दाल मिल विदर्भात बऱ्याच गावांत दिसते. तासाला क्विंटलभर अशी क्षमता विक्रेता सांगेल. ती मशीनची झाली, धंद्याची नव्हे. तूर एका दिवसात डाळ होत नाही. आधी चाळणी लावून माल साफ करायचा आणि दाण्याच्या आकाराप्रमाणे वेगळा करायचा. मग एमरीच्या, म्हणजे खरखरीत लेपाच्या, रोलरमधून पहिला फेरा काढून टरफलाला चरे पाडायचे. क्विंटलला साधारण 300 ते 400 ग्रॅम खाद्यतेल चोळून ढीग रात्रभर झाकून ठेवायचा. मग दोन-तीन दिवस कडक ऊन, त्यावर पाण्याचा हलका शिपका, आणि शेवटी टरफल काढून दाणा फोडायचा. 100 किलो तुरीतून चांगल्या हाताने 70 ते 75 किलो डाळ निघते. बाकी चुरी, टरफल आणि उडालेला ओलावा.

बिघाड नेमका कुठे होतो ते बघा. ऊन कमी पडलं तर टरफल चिकटून राहतं आणि डाळीवर लाल ठिपके दिसतात. गावातल्या बायका अशी डाळ हातात घेऊन परत ठेवतात. रोलर घट्ट बसवला तर तुकडा वाढतो, म्हणजे डाळीचा भाव चुरीला मिळतो. लहान-मोठा दाणा एकत्र टाकला तर बारीक तूर अख्खीच पलीकडे जाते. आणि ज्याचा हिशेब कोणत्याच कोटेशनमध्ये नसतो ती गोष्ट म्हणजे वाळवायची जागा. एक क्विंटल तूर इंचभर थरात पसरायला 50 ते 55 चौरस फूट लागतात. रोज पाच क्विंटल घेतलीत आणि प्रत्येक माल तीन दिवस उन्हात राहिला, तर एका वेळी 15 क्विंटल तूर पसरलेली असणार. म्हणजे 800 चौरस फूट स्वच्छ ओटा किंवा गच्ची, शिवाय कोंबड्या, बकऱ्या आणि अवकाळी पाऊस यांच्यापासून राखण. हे तुमच्याकडे आहे का?

वीजही तशीच. शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवली तर तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल येतं. वेगळी जोडणी लागते. ती किती दिवसांत मिळेल, खांब किती लांब आहे, हे वीज कंपनीच्या तालुक्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. विक्रेत्याला विचारू नका.

आता पैसे. खालचे दर उदाहरणादाखल धरलेत, तुमच्या भागातले दर विचारून बदला. तूर जानेवारीत घरी येते, मिल चालते ती फेब्रुवारी ते मे. लग्नं, सणवार, वीज गेलेले दिवस वगळले तर हाती येतात सुमारे 100 दिवस. कागदावर दिवसाला सहा-सात क्विंटल निघेल, पण सरासरी चार धरा. 400 क्विंटल. भरडाईची मजुरी क्विंटलला 500 धरली तर जमा 2,00,000. खर्च: एक मदतनीस रोज 400 प्रमाणे 40,000, तेल 140 किलो म्हणजे सुमारे 21,000, वीज 13,000, पट्टे, बेअरिंग, रोलरवर पुन्हा एमरी चढवणं 12,000. उरले 1,14,000. मशीन, चाळणी, मोटर आणि शेड यासाठी तीन लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला सुमारे 6,520, वर्षाला 78,000. शिल्लक 36,000. म्हणजे महिन्याला 3,000 रुपये, तेही दोघांत, आणि तुमच्या स्वतःच्या मेहनतीचा एक पैसाही न धरता. तुमचा आजचा पगार वर्षाला 1,32,000 आहे.

सबसिडीने हप्ता कमी होईल, हे खरं. पण 400 क्विंटल आणणार कोण? एक कुटुंब घरच्या खाण्यासाठी 50 किलो तूर भरडून घेतं असं धरलं तर 800 कुटुंबं लागतात. तुमच्या गावात किती घरं आहेत? त्यातली किती घरं आजही जात्यावर करतात, किती तूर विकून किराण्याची डाळ आणतात, आणि किती आधीच शेजारच्या गावच्या मिलवर जातात? चार-पाच गावं धरल्याशिवाय हा आकडा जुळत नाही. हरभरा जोडू म्हणाल, तर तोही फेब्रुवारी-मार्चमध्येच येतो, त्याच ओट्यावर आणि त्याच उन्हात. मूग-उडीद येतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तेव्हा वाळवणार कुठे?

या गणितावरून ‘मिल टाकू नये’ असा निष्कर्ष काढू नका. नुसत्या भरडाईवर घर चालत नाही, एवढंच यातून दिसतं. चालली तर स्वतःच्या डाळीच्या विक्रीवर चालेल, आणि विक्री शिकायला मशीन लागत नाही.

म्हणून या हंगामात असं करा. घरच्या तुरीतली 50 किलो बाजूला काढा. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8,000 होता; तो धरला तर मालाची किंमत 4,000. बाबांना हे पैसे खरोखर द्या, घरचीच तूर म्हणून फुकट धरू नका. नाहीतर पहिल्याच दिवशी हिशेब खोटा होतो. दुसऱ्याच्या मिलवर नेऊन भरडाई 250. डाळ मिळेल 36 किलो. पाकिटं आणि ताणकाटा धरून 150. एकूण 4,400, म्हणजे किलोला सुमारे 122 रुपये. चुरी-टरफल मिलवाल्याकडे सोडू नका, मागून आणा, गाई-म्हशीवाले घेतात. दहा किलोचे 180 आले तरी किलोमागे पाच रुपये खाली आले. विकायच्या आधी अन्न सुरक्षेची प्राथमिक नोंदणी ऑनलाइन करून घ्या. पाकिटावर नाव-पत्ता, वजन, पॅकिंगची तारीख आणि किंमत टाका.

विकायचं कुणाला? गावात नको. गावातल्या घरी तूर आहे आणि तुम्ही मागायला गेलात की नातं मध्ये येतं. तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक, परिचारिका, बँकेतले, तहसीलमधले लोक राहतात. त्यांना डाळ विकत घ्यावीच लागते आणि आपल्या भागातली बिनपॉलिशची डाळ हवीही असते. अशा 20 घरांना भेटा. भाव सांगा आणि पैसे आधी मागा. ‘छान आहे, नक्की घेऊ’ हे उत्तर वहीत लिहायचंच नाही. किती जणांनी आगाऊ पैसे दिले, एवढाच आकडा लिहा. महिन्याने परत जा आणि किती जणांनी पुन्हा मागवली ते लिहा. पहिली खरेदी तुमच्याकडे बघून होते, दुसरी डाळीकडे बघून. 20 पैकी सात-आठ घरांनी स्वतःहून पुन्हा मागितली तर पुढच्या खेपेला दोन क्विंटल करा. दोघांनीच मागितली तर का नको म्हणाले ते विचारा: शिजायला वेळ लागतो का, तुकडा जास्त आहे का, की कोपऱ्यावरचा दुकानदार महिन्याच्या उधारीवर देतो म्हणून? शेवटचं कारण निघालं तर डाळ सुधारून उपयोग नाही. सगळंच फसलं तरी उरलेली डाळ घरी शिजेल, त्यामुळे या प्रयोगात बुडण्यासारखं फार नाही.

उधारीचा नियम आजच ठरवा, नंतर ठरत नाही. कृषी केंद्रात तुम्ही रोज बघताच: जूनमध्ये बियाणं-खत उचललं जातं, पैसे कापूस विकल्यावर. मालक ते पेलतो, कारण कंपनी-डीलरही त्याला उधार देतात. तुम्हाला तूरवाला उधार देणार नाही. 20 क्विंटल तूर भरली तर 1,60,000 रुपये अडकले, आणि किराणावाला डाळीचे पैसे महिन्याने देणार. गावातले छोटे धंदे बहुतेक वेळा माल न खपल्याने बसत नाहीत, खपलेल्या मालाचे पैसे न आल्याने बसतात. एजंटच्या फाईलमध्ये मशीनची किंमत असते, या खेळत्या भांडवलाचा रकाना बघा किती तोकडा असतो.

आता तुमच्या नोकरीकडे वळू, कारण पत्रात तुम्ही तिला एका ओळीत उडवलंय आणि माझ्या मते तुमची सगळ्यात मोठी संधी तिथेच आहे. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी आता शैक्षणिक पात्रता लागते. कृषी पदवीबरोबरच रसायनशास्त्र घेऊन केलेली विज्ञान पदवीही त्यात चालते. म्हणजे चार वर्षं ट्रंकेत पडलेल्या तुमच्या बीएस्सीला तालुक्यात बाजारभाव आहे. तुमच्या दुकानाच्या परवान्यावर कुणाची पदवी लागली आहे, हे आधी बघा. तुमचीच असेल आणि तुम्हाला नुसता काउंटरचा पगार मिळत असेल, तर बोलायला भक्कम मुद्दा आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही समजून घ्या: जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव असताना दुकानातून बोगस औषध किंवा बेकायदा बियाणं गेलं, तर चौकशीत तुमचंही नाव येतं. 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे तुम्हाला सांगायला नको. सही करण्याआधी साठा रजिस्टर आणि बिलबुक स्वतः तपासायची अट घाला.

मालकाकडे नुसती पगारवाढ मागू नका, तो ‘पुढच्या सीझनला बघू’ म्हणेल. त्याला दुखतंय तिथलं काम मागा. बहुतेक दुकानांत ते दुखणं दोन ठिकाणी असतं: थकलेली उधारी आणि मुदत संपत आलेला माल. असं म्हणा, ‘शेठ, मागच्या दोन वर्षांची उधारी मी गावनिहाय काढून देतो. जी वसूल होईल त्यावर मला दोन टक्के द्या.’ तीन लाख वसूल झाले तर 6,000 तुमचे. पण पैशापेक्षा मोठी कमाई वेगळीच आहे. कोणत्या गावात कोण शब्दाला पक्का आहे, ही यादी तुमच्या डोक्यात तयार होते. उद्या तूर खरेदी करताना आणि डाळ देताना हीच यादी कामी येईल, आणि ती कोणत्याही प्रशिक्षणात मिळत नाही.

स्पर्धा परीक्षेची चार वर्षं वाया गेली असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. पद मिळालं नाही, ते गेलंच. त्याची भरपाई म्हणून आता काहीतरी मोठं करून दाखवायचं, हा विचार मात्र महागात पडेल. गेलेल्या वर्षांचे पैसे नव्या धंद्याने फेडायचे नसतात. त्या वर्षांतून उरलेलं काय, तेवढं मोजा: सलग बसायची सवय, गणित, शासकीय भाषेतला अर्ज वाचता येणं. जीआर वाचून समजणारा माणूस गावात किती दुर्मीळ असतो हे बघा, म्हणजे एजंटची गरज किती आहे तेही कळेल.

वेळेचा हिशेब तुम्ही सोमवारपासून सुरू करू शकता. सात दिवस, झोपेपर्यंतचा प्रत्येक तास वहीत. सुधारायचं काही नाही, फक्त लिहायचं. मग त्यातून आठवड्याचे सहा तास काढा आणि पुढचे तीन महिने एकच कौशल्य धरा. तुमच्यासाठी ते हिशेबाचं असावं असं मला वाटतं: टॅली, जीएसटीचं बिल, साठ्याची नोंद. दुकानात सरावाला खरा माल आहे, घरी प्रयोगाची वही आहे. एकाच वेळी इंग्रजी, शेअर बाजार आणि डिजिटल मार्केटिंग सुरू केलंत तर तिन्ही दिवाळीपर्यंत बंद पडतील. आणि दर रविवारी अर्धा तास बसून तीन ओळी लिहा: या आठवड्यात मी काय होईल असं धरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय तपासणार. अंदाज आधी लिहिलेला असला पाहिजे. नाहीतर मागाहून प्रत्येकालाच ‘मला माहीत होतं’ वाटतं.

योजनांबद्दल थोडक्यात, 2025-26 पर्यंतच्या अटींप्रमाणे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी अनुदान सर्वसाधारण गटाला 25 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना 35 टक्के. स्वतःचा हिस्सा अनुक्रमे 10 आणि 5 टक्के. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अनुदान 35 टक्के, कमाल 10 लाख. अटी बदलत राहतात, म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात आणि कृषी कार्यालयात समक्ष विचारा. दोन गोष्टी मात्र एजंट सांगत नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं अनुदान तुमच्या हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, आणि त्यानंतरच कर्जात वळतं होतं. धंदा मध्येच बंद पडला तर ते परत जाऊ शकतं. दुसरं, कोटेशन फुगवून घेऊ असा कोणी सल्ला दिला तर तिथूनच उठा. फुगवलेली रक्कम कर्ज म्हणून तुमच्या नावावर चढते, विक्रेत्याच्या नाही. अर्जाला पैसे लागत नाहीत, उद्यम नोंदणीही मोफत आहे. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण मोफत मिळतं आणि राहण्याची सोयही असते, ते हंगामाआधी करून घ्या.

बँकेत जायच्या आधी घरातल्या जुन्या कर्जाकडे बघा. 2008, 2017 आणि 2019 अशा कर्जमाफ्या झाल्यापासून पुढची येईल म्हणून पीककर्ज न भरता थांबायची सवय गावोगाव लागली आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्यावर येतं; थकवलं तर ती सवलत जाते आणि खातं खराब होतं. बाबा तुमच्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार राहणार असतील तर त्यांचाही सिबिल स्कोअर बघितला जातो. तुमचा आणि बाबांचा, दोन्ही अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतात, ते आत्ताच काढा. डाळीच्या विक्रीसाठी वेगळं बचत खातं उघडा आणि प्रत्येक रुपया त्यातूनच जाऊ द्या, अगदी घरी नेलेल्या डाळीचाही. वर्षभराचं ते पासबुक बँक मॅनेजरसमोर ठेवलंत की तो प्रकल्प अहवालाची पानं उलटण्याआधी त्यातल्या नोंदी वाचेल.

राहता राहिले भाऊजी. नात्यातली भागीदारी वाईट नसते, तोंडी भागीदारी वाईट असते. स्टॅम्प पेपरवर चार गोष्टी लिहा. कोणी किती पैसे घातले. मशीनवर रोज कोण उभं राहणार आणि त्याची मजुरी किती. ही मजुरी नफ्याआधी निघते, नफा त्यानंतर वाटायचा. कर्ज कुणाच्या नावावर आहे आणि हप्ता चुकला तर कोण भरणार. आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर मशीनची किंमत कशी काढायची. हा कागद करताना ताईला समोर बसवा, भाऊजींच्या हिश्श्याचे पैसे शेवटी तिच्याही घरातून जाणार आहेत. भाऊजी म्हणाले की ‘घरच्या घरात कागद कशाला’, तर त्यांना आधी 50 किलोच्या प्रयोगात घ्या: 2,200 रुपये त्यांचे, दहा घरं त्यांनी गाठायची. महिन्याने दोघांच्या वह्या शेजारी ठेवा. कोणाची भर किती, हे तेव्हा दोघांनाही दिसेल आणि कागद करायला सोपं जाईल.